चेकवर जे छापलंय ते वाचायचं

पेडणेकर चाळ, डिलाईल रोड
१४ ऑगस्ट २०२५

माधव,

आशीर्वाद शेवटी देईन, तेही मन झालं तर. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. काल तुझ्या शिपायाने उचलला नि मलाच विचारतो, "काम काय आहे?" सख्ख्या बहिणीला काम सांगावं लागतं काय रे? म्हणून कागद घेतला. सातवीनंतर मी लिहिल्या त्या वाण्याच्या याद्या, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कागदाला मिरचीचा वास येईल, तोही चालवून घे. सकाळपासून लालबागला मसाल्याच्या दुकानात देठं खुडत बसले होते.

नम्रताचं वाचनालयातलं काम गेलं. तुमच्या सागरतीर विद्यापीठाने कमवा आणि शिका योजना बंद केली. कारण काय, तर म्हणे निधी नाही. दोन वर्षं माझी पोरगी तास सुटले की पुस्तकं लावायची, त्यात तिची फी सुटायची. कुणापुढे हात पसरला नाही आम्ही. आता शेवटचं वर्ष, नि दिवाळीच्या सुट्टीआधी फी गेली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. ती म्हणते, "आई, मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात जागा आहे, जाते मी." ज्या मॉलच्या दारावर बाप वॉचमन, त्याच मॉलमध्ये लेक घड्या घालणार.

तू तिथे कुलगुरूंच्या ऑफिसात अधीक्षक आहेस. तूच सांग, निधी गेला कुठे?

मी शिकलेली नाही, पण मला डोळे आहेत. एप्रिलात तूच मला साहेबांच्या माहीमच्या बंगल्यावर मसाला घेऊन पाठवलंस. साहेबांच्या बायकोने मला मागच्या दाराने घेतलं, ते जाऊ दे. मागच्या अंगणात लाद्यांचा ढीग, सगळ्या कोऱ्या, एकही फुटकी नाही. गवंडी म्हणाला, "मावशी, तिसऱ्यांदा उखडतोय. मॅडमना रंग पटत नाही." हॉलमध्ये माणूस नाही नि दोन-दोन एसी चालू. मी म्हटलं, कुणासाठी? तर सोफ्याखाली कुत्रा झोपला होता. तेव्हा वाटलं, असतील बुवा घरचे श्रीमंत. आता नम्रता सांगते की बंगला विद्यापीठाचा, लाद्या विद्यापीठाच्या, एसीचं बिल विद्यापीठाचं. कुत्रा तेवढा त्यांचा.

मला तेव्हापासून भाकरी गोड लागत नाही. जरा बघ नि कळव.

आक्का


सागरतीर विद्यापीठ कर्मचारी निवास, माहीम
१९ ऑगस्ट २०२५

आक्का,

नमस्कार. तुझं पत्र घरच्या पत्त्यावर आलं हे बरं झालं, यापुढेही तसंच पाठव. या विषयावर फोन नको. माझा फोन ऑफिसने दिलेला आहे.

तुला वाटतं तसं काही नाही. सर्वच संस्थांची आर्थिक स्थिती सध्या कठीण आहे आणि व्यवस्थापन परिषदेने योजना तात्पुरती स्थगित केली आहे, बंद केलेली नाही. बंगल्याचं म्हणशील तर तिथे परदेशी पाहुणे येतात. विद्यापीठाची प्रतिष्ठा म्हणून काही गोष्टी कराव्या लागतात. बाहेरच्या माणसाला हे चटकन समजत नाही.

नम्रताच्या फीची काळजी सोड. मी भरतो. कुणाला सांगायची गरज नाही, तिलाही नाही. फक्त बंगल्यातलं जे पाहिलंस ते चारचौघांत बोलू नकोस.

एक आनंदाची बातमी. आपल्या चाळीच्या गणपतीला यंदा प्रमुख पाहुणे म्हणून साक्षात कुलगुरू साहेब येणार आहेत. मीच शब्द टाकला. मंडळाला भरघोस देणगीही मंजूर झाली आहे, चेक हिशेब बघणाऱ्या कुशाबांकडे पोहोचला असेल. तुम्हा लोकांना अभिमान वाटेल असं काहीतरी करावं, हे किती दिवस मनात होतं.

तुझा,
माधव


डिलाईल रोड
२४ ऑगस्ट

माधव,

"तुम्हा लोकांना" म्हणे. तू कुठल्या लोकांतला रे? याच चाळीच्या नळावर तुझी अंघोळ व्हायची.

तुझे पैसे नकोत. भाचीला मामा देतो तसे दिले असतेस तर डोक्याला लावून घेतले असते. तू देतोस नि वर माझ्या तोंडावर हात ठेवतोस. माझं तोंड विकाऊ नाही. नम्रताला मी सांगून टाकलं. ती म्हणाली, "मामा माझ्या एकटीची फी भरेल, बाकीच्या पोरांची कोण भरणार? साठ-सत्तर पोरं होतो आम्ही." मला हे सुचलं नव्हतं हो. मी आपल्या घरापुरतंच रडत होते.

पोरगी काहीतरी लिहीत बसते हल्ली. विचारलं तर म्हणते, "अर्ज आहे." कुणाला, ते सांगत नाही.

चेक आला. कुशाबा आजोबा सगळ्या गॅलरीतून फिरवून दाखवत होते, जसा काय नातू झाला. पोरांनी साहेबांचा बॅनर लावलाय, त्यात गणपती कोपऱ्यात नि साहेब मधोमध. वरच्या मजल्यावरची कमलाबाई म्हणाली, "गो शेवंते, यंदा आरती कुणाची करायची?"

तुला कापराची आठवण आहे? तू वीस वर्षांचा, मंडळाचा खजिनदार. कापराच्या खर्चावरून दगडूकाका नि तुझी जुंपली, तो म्हणाला पोराने पैसे खाल्ले. आई तीन दिवस जेवली नव्हती. मग तूच नियम केलास की विसर्जनानंतरच्या रविवारी अंगणात खुर्ची टाकून सगळा हिशेब मोठ्याने वाचायचा. नारळ किती, वाती किती, कुणी काय दिलं. कुणाच्या मोठेपणासाठी नाव फिरवायचं नाही, चेकवर जे छापलंय ते वाचायचं. आजही तसंच चालतं. गॅलरीत बाया भाजी निवडत ऐकतात नि वरून ओरडतात, "हार एवढा महाग कसा रे?" मग हारवाल्याची पावती दाखवावी लागते.

म्हणून विचारते. तुमच्या त्या परिषदेत कोण ओरडतं रे वरून?

आक्का


डिलाईल रोड
१५ सप्टेंबर

माधव,

तू तोंड लपवून बसला असशील. तरी वाच.

आधी तुझ्या साहेबांचं. आले तीन गाड्या घेऊन. एक माणूस पुढे धावला नि खुर्ची रुमालाने पुसली. आमची खुर्ची! सकाळीच कमलाबाईच्या सुनेने धुतली होती. पातोळ्या दिल्या, तर साहेबांनी बोटाने शिवल्या नि ताट मागच्या शिपायाकडे दिलं. मग साधी राहणी यावर भाषण केलं. मनगटावर ते घड्याळ, नि तोंडात साधी राहणी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू त्यांच्या मागे छत्री धरून उभा, पाऊस नसताना. मी तुझ्याकडे बघत होते, तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पाहुणा म्हणून मी गप्प राहिले.

काल हिशेब झाला. कुशाबा आजोबांनी चष्मा लावला नि एकेक वाचत आले. तुझ्या चेकचा फोटो त्यांनी जपून ठेवला होता, तो बघून मोठ्या कौतुकाने वाचलं, "सागरतीर विद्यापीठ, विद्यार्थी कल्याण निधी खाते, रुपये एक लाख."

टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, मेली मी. मग नम्रता उठली.

"आजोबा, परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"कुठलं खातं?"

"विद्यार्थी कल्याण. का गो बाय?"

"याच खात्यातून आमचे वाचनालयाचे पैसे यायचे. याच खात्यात पैसे नाहीत म्हणून आम्हाला काढलं."

वरच्या गॅलरीतून कमलाबाईने विचारलं, "म्हंजे? पोरांच्या फीची आपण रोषणाई केली?" दहा दिवस त्या दिव्यांखाली मी फुगड्या घातल्या. माझ्याच लेकीच्या हातातून काढलेले पैसे, ते वर लुकलुकत होते नि मी खाली नाचत होते.

तुला ठाऊक होतं? खोटं सांगू नकोस. चेक तुझ्या टेबलावरून आला.

अजून आहे. घरी आल्यावर पोरीने कागद पुढ्यात टाकला. तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. कुलगुरूंना पगार किती, बंगल्यावर, गाड्यांवर, परदेशी फिरण्यावर किती उडाले नि विद्यार्थी कल्याणाच्या पैशाचं काय केलं, एवढंच विचारलं होतं. तुमचं उत्तर आलं, माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे, जनहिताचा संबंध नाही, देता येत नाही. खाली सही. जनमाहिती अधिकारी. माझ्या भावाची सही, तो गळ्यात माळ घातल्यासारखा काढलेला म. मी तुझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलेला.

पगार म्हणे वैयक्तिक! तुझ्या भावजींचा गिरणीतला पगार अख्ख्या मजल्याला पाठ होता. पगार वाढला की शेजारीण पेढे मागायची, कापला की डाळ आणून द्यायची. लपवायचं काय असतं रे पगारात? जो आपल्या कष्टाचा घेतो तो लपवतो होय?

शेवंती


माहीम
२० सप्टेंबर २०२५

आक्का,

तू प्रथमच खाली नुसतं नाव लिहिलंस. ते मी दहा वेळा वाचलं.

चेक तसाच्या तसा वाचायची काय गरज होती? "हितचिंतकांकडून" म्हटलं असतं तर चाललं नसतं का? नियम माझाच, हे मान्य. पण तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. चेक निघाला तेव्हा कुठल्या खात्यातून निघतोय ते मी पाहिलं होतं. चाळीचं भलं होतंय, एवढंच मनाशी म्हटलं.

उत्तराचा मसुदा माझा नाही. वरून आला. अधिकारी म्हणून माझं नाव आहे, म्हणून सही माझी. मी सही केली नसती तर दुसऱ्याने केली असती आणि मी या क्वार्टरमध्ये राहिलो नसतो. अनुजाची तब्येत तुला माहीत आहे, सौमित्रची बारावी आहे. बायको-मुलाला घेऊन कुठे जाऊ?

आता नीट ऐक. नम्रताने उत्तराविरुद्ध अपील केलं आहे. सुनावणी १३ ऑक्टोबरला कुलसचिवांपुढे आहे. साहेबांनी परवा मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ही मुलगी कोण? डिलाईल रोडचा पत्ता आहे, तुमच्याच चाळीतली ना? तुमची कोणी लागते?" मी शांतपणे सांगितलं की नाही, मी ओळखत नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगितलं, आक्का. तिच्या निकालावर काही परिणाम होऊ नये म्हणून.

तिला अपील मागे घ्यायला सांग. योजना मी पुढच्या वर्षी सुरू करवून घेईन, शब्द देतो. तू सांगितलंस तर ती ऐकेल.

माधव


डिलाईल रोड
२७ सप्टेंबर

माधव,

ओळखत नाही.

ती जन्मली तेव्हा हॉस्पिटलात तुझे भावजी पाळीवर, तू तिला पहिली घेतलीस. आत्या नाही म्हणून तिच्या कानात नाव तू सांगितलंस, तुझी बहीण पलंगावरून ऐकत होती. नि आता "मी ओळखत नाही". वर मला कौतुकाने लिहितोस, भल्यासाठी. तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. ती रडली नाही. म्हणाली, "ठीक आहे." मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मागे घ्यायला मी सांगणार नाही. तिने घ्यायचं म्हटलं तरी मी घेऊ देणार नाही.

इकडचं ऐक. चाळीची सभा झाली. मी म्हटलं, ते पैसे परत करायचे. पोरं भांडली, "मावशी, रोषणाईवाल्याला दिले पण, आता कुठून आणू?" एकजण म्हणतो, देवाला दिलेलं परत मागत नाहीत. मी म्हटलं, देवाला दिलं नाही, देवाच्या नावावर खपवलं. बॅनर कुणाचा लावला होतात रे, देवाचा? मग कमलाबाई खाली आली. तिने नुसता पैशांचा डबा ठेवला नि म्हणाली, "मी खाल्लेल्या मोदकाचे." बस. त्या डब्याने सभा संपली. लोकांनी महिनाअखेर असून दिले. पुढच्या वर्षी मूर्ती लहान, बेंजो नाही, ठरलं. बॅनर काढून गच्चीवर गळतं तिथे पसरलाय. साहेब पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडले.

कुशाबा आजोबा धुतलेलं धोतर नेसून विद्यापीठात गेले पैसे भरायला. तू तिथेच होतास ना? खिडकीवरच्या बाईने सांगितलं, परत घ्यायला हेड नाही. आजोबा म्हणाले, हेड म्हणजे साहेब काय? ती म्हणाली, नाही, पैसे कुठल्या नावाखाली जमा करायचे ते. काढायला नाव होतं, ठेवायला नाही! म्हाताऱ्याला चार खिडक्या फिरवलं नि परत पाठवलं. आल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही त्यांनी.

तेव्हा चाळीने ठरवलंय. पैसे मंडळाच्या नावाने बँकेत राहतील, नि दर वर्षी हिशेबात मोठ्याने वाचले जातील. सागरतीर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे, परत द्यायचे. तुमचे साहेब बदलतील, मी मरेन, तरी वाचले जातील.

१३ तारखेला ती येईल. तिच्याबरोबर मी येणार नाही, ती नको म्हणाली. समोर तू बसशील. ओळखत नाहीस ना? मग ओळख करून घे.

शेवंती


माहीम
१४ ऑक्टोबर २०२५

आक्का,

नम्रताने घरी काय सांगितलं मला माहीत नाही. माझ्याकडून मी लिहितो.

ती एकटी आली. निळा ड्रेस, जो मी मागच्या दिवाळीला दिला होता. कुलसचिवांनी मला विचारलं, "जनमाहिती अधिकारी म्हणून तुमचं म्हणणं काय?" मसुदा समोर होता, नुसता वाचायचा होता. त्याआधी ती म्हणाली, "सर, एक विचारू?" मला म्हणाली ती, आक्का. सर.

"सर, तुमच्या चाळीत कापराचा हिशेब कोणी वाचायला लावला, तुम्हाला माहीत आहे?"

कुलसचिव म्हणाले, हा विषयाशी संबंधित प्रश्न नाही. ती म्हणाली, "बरं," आणि खाली बसली. रागावली असती तर मी मसुदा वाचला असता, असं आता वाटतं.

मी सांगितलं की माहिती आहे. माझ्याच कपाटात आहे. ती वैयक्तिक नाही. मागे सही केली ती चुकीची होती आणि ही मुलगी माझी भाची आहे. मी तसाच उठून माझ्या खोलीत गेलो, कपाट उघडलं आणि पगारासकट सगळ्याच्या प्रती आणून दिल्या. लाद्या तिन्ही वेळा विद्यार्थी कल्याणातून. पडदे त्यातूनच. साहेबांबरोबर मॅडमचं विमानाचं तिकीट "विद्यार्थी प्रोत्साहन दौरा" म्हणून. कुत्र्याला शिकवणारा माणूस "प्रशिक्षण" या सदरात. एवढी वर्षं ही बिलं माझ्या हातून गेली. मी फक्त बेरीज बरोबर आहे का ते बघायचो. बेरीज नेहमी बरोबर असायची.

आज माझी बदली झाली. रे रोडच्या गोदामात, जुन्या उत्तरपत्रिका सांभाळायला. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. साहेब कालच परदेशी परिषदेला गेले. विषय आहे, उच्च शिक्षणातील उत्तरदायित्व. तिकिटावरची शेवटची सही माझीच.

अनुजाने फक्त विचारलं, आक्का काय म्हणतील?

माधव


डिलाईल रोड
१९ ऑक्टोबर

माधव,

अनुजाला सांग, आक्का म्हणते उशीर केलास. शाबासकीची वाट बघत असशील तर बघू नकोस. जे पहिल्या दिवशी करायचं ते तू भाचीने समोर सर म्हटल्यावर केलंस. पण केलंस. तिथे बसून खोटं वाचलं असतंस तर या पत्त्यावर मी परत पत्र टाकलं नसतं.

तू दिलेले कागद आता चाळीच्या फळ्यावर आहेत, मंडळाच्या हिशेबाशेजारी. नम्रताने दोऱ्याने बांधले. कॉलेजची पोरं येतात, फोटो काढतात, वाचतात. साहेबांचा पगार वाचून एकजण बोटांवर शून्यं मोजत बसला. कुशाबा आजोबा खुर्ची टाकून बसतात नि विचारेल त्याला समजावतात, हेड म्हणजे काय. कुत्र्याच्या मास्तरचा कागद सगळ्यात जास्त वाचला जातो. कमलाबाई रोज वरून ओरडते, "काय शिकला रे कुत्रा, सांगा कुणी!" हसते नि थुंकते.

काल तुमच्या विद्यापीठाची सूचना लागली. कमवा आणि शिका योजना पुन्हा सुरू. जुन्या मुलांची फी कामातून वळती करणार, परीक्षेला बसू देणार. नम्रताने फोनवर दाखवलं. वर साहेबांचा फोटो नि खाली काय लिहिलंय, वाचलंस? "माननीय कुलगुरूंच्या संकल्पनेतून साकारलेली." आईच्यान, मला वाटलं फोन गटारात फेकावा. लाद्यांचा पत्ता नाही, पडद्यांचा नाही, माफी नाही. पोरांचंच घेतलं, पोरांनाच परत दिलं, नि वर उपकार. यांना लाज म्हणून काही शिवत नाही रे. साहेब येतील तिकडून उत्तरदायित्व शिकून नि पुन्हा कुणाच्या तरी पातोळ्या बोटाने शिवतील.

नम्रता दिवाळीची सुट्टी संपली की वाचनालयात जाणार. ती म्हणते, "आई, सूचना मी प्रिंट काढून फळ्यावर लावली आहे. त्या बिलांच्या बरोबर खाली. लोकांना एका नजरेत दिसू दे."

आता तुझं. आपल्या मजल्यावरची बावीस नंबरची खोली रिकामी आहे, मी मालकाला सांगून ठेवलंय. नळ सकाळी येतो, तुला माहीत आहेच. बावीस नंबर फळ्याच्या समोर आहे, तिथे लावलेल्या नकाराच्या उत्तराखालची तुझी सहीही खिडकीतून दिसेल. सोसत असेल तर ये.

पुढच्या वर्षीपासून कुशाबा आजोबा हिशेब वाचणार नाहीत म्हणतात, डोळे गेले. हिशेब तू वाचायचा. त्यात ते विद्यापीठाचे परत द्यायचे पैसे येतील. चेकवर जे छापलंय ते वाचायचं, सगळ्यांसमोर, दर वर्षी. कमलाबाई वरून विचारेल, कोणी आणला होता हा चेक? तेव्हा उत्तर द्यायचं.

गुरुवारी भाऊबीज. मी ओवाळीन, मनात राग धरूनच ओवाळीन. ताटात काही घालू नकोस, तुझ्या हातचे पैसे मला अजून ओंगळ वाटतात. दार नम्रता उघडेल. ती मामा म्हणेल की सर, ते मी तिला विचारलेलं नाही.

आशीर्वाद.

आक्का